सहल मंगळवारी असावी

माझं मत असं आहे की शाळेची सहल मंगळवारी असावी. एक वेळ सोमवार चालेल, पण शुक्रवार-शनिवार अजिबात नको. आता तुम्ही म्हणाल, हिने पंचांग बघायला सुरुवात केली की काय! तसं काही नाही. मुद्दा एवढाच की सहल आठवड्याच्या टोकाला असली की ती अभ्यास संपल्याचं बक्षीस होते, आणि सुरुवातीला असली की उरलेले दिवस मुलांना ती पुरते. हे या वर्षी मी अगदी जवळून पाहिलं, म्हणून इतक्या ठामपणे सांगते आहे.

हे आत्ताच लिहायचं कारण म्हणजे येत्या शनिवारी लेकीच्या शाळेत पालकसभा आहे. विषय: पुढच्या वर्षीची सहल. पालकांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर कौल जवळपास लागलेलाच आहे. रिसॉर्ट! घसरगुंड्या, पाण्याचे हौद, रेन डान्स आणि पोटभर नाश्ता. राणीबागेच्या बाजूने आत्तापर्यंत माझं आणि आणखी एका बाबांचं अशी दोनच मतं पडली आहेत. सभेत बोलायला फार तर दोन मिनिटं मिळतील, आणि दोन मिनिटांत माझं काहीच सांगून होत नाही (घरच्या मंडळींना वेगळं सांगायला नको). म्हणून आधी इथे सगळं लिहून काढते.

लेक मध्य मुंबईतल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत तिसरीत आहे. वर्गात एकतीस मुलं.

मागच्या वर्षी, दुसरीत असताना, सहल रिसॉर्टवरच गेली होती. शुक्रवारी. माणशी नऊशे रुपये. मुलांनी धमाल केली यात काही शंका नाही. आमची स्वारी घरी आली ती डोळे लाल, केस ओले आणि बसमध्येच झोपलेली. शनिवार-रविवार सुट्टी झाली. सोमवारी बाईंनी निबंध लिहायला दिला, 'माझी सहल'. वर्गातली पाच मुलं सहलीला आली नव्हती. नऊशे रुपये परवडत नाहीत, असं अर्थातच कोणी म्हणालं नव्हतं. कोणाला ताप होता, कोणाच्या मामाचं लग्न होतं. पण निबंध सगळ्यांनाच लिहायचा होता. त्या पाचांतल्या एका मुलीने कधीही न पाहिलेल्या घसरगुंडीवरून आपण कशा घसरलो, हे इतकं छान लिहिलं की वर्गात तोच निबंध वाचून दाखवला गेला. लेक मला हसत हसत सांगत होती, "आई, ती आलीच नव्हती, तरी तिचाच निबंध बेस्ट!" मला मात्र हसू आलं नाही.

या वर्षी वर्गाच्या बाईंनी हट्ट धरून राणीबाग ठरवली. बस, तिकीट, खाऊ सगळं मिळून दोनशे रुपये. एकतीसपैकी तीस मुलं आली. जो आला नाही त्याला खरोखरच कांजिण्या झाल्या होत्या. :-)

बाईंच्याही मनात सहल शुक्रवारीच होती. आठवडाभर 'वनस्पतींचे अवयव' शिकवायचे आणि शेवटी बाग दाखवायची, असा नेहमीचा बेत. पण स्वस्तातली बस मिळाली ती मंगळवारची. बुधवारी राणीबाग बंद असते आणि गुरुवार-शुक्रवारी बस मोठ्या शाळांनी आधीच घेऊन ठेवलेल्या. त्यामुळे नाइलाजाने मंगळवार. बरोबर यायला पालक हवे होते, म्हणून आम्ही तिघं गेलो.

सोमवारी वर्गात पुस्तकातलं चित्र झालं. खाली मूळ, मध्ये खोड, वर फांद्या, फांद्यांना पानं, टोकाला फूल. आपण सगळ्यांनी लहानपणी काढलेलंच चित्र! मंगळवारी सकाळी बाईंनी बसमध्येच नियम सांगितले. आधी झाडं, मग प्राणी, मग डबा. काही तोडायचं नाही, पडलेलं उचललं तर चालेल. पाच-सहा मुलांचा एक गट, आणि एका गटाला एकच झाड. त्या झाडापाशी अर्धा तास थांबायचं.

अर्धा तास! मला वाटलं, पाचव्या मिनिटाला ही पोरं पेंग्विनकडे पळणार. पहिली पाच मिनिटं तशीच गेलीही. "बाई, बघून झालं," असं दोन-तीन गटांनी जाहीर करून टाकलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "अरे, अजून पंचवीस मिनिटं आहेत. आता खाली बसून बघा." आणि मग जे सुरू झालं ते बघण्यासारखं होतं.

एका गटाला कैलासपती मिळाला होता. हे झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. त्याच्या फुलात नागाच्या फण्याखाली पिंड असल्यासारखं दिसतं, म्हणून आपल्याकडे हे नाव. फळं चांगली तोफगोळ्याएवढी, त्यामुळे बाईंनी मुलांना झाडाखाली न बसवता जरा लांब बसवलं. तर एका मुलाने वही काढून सोमवारचं चित्र बघितलं, मग झाड बघितलं आणि म्हणाला, "बाई, पुस्तकात चुकलंय. याची फुलं तर खोडाला आलीत!" खरंच आहे. कैलासपतीची फुलं खोडातूनच लोंबतात. का, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. बाई म्हणाल्या, "लिहून ठेव, वर्गात बघू."

दुसरा गट गोरखचिंचेपाशी होता. हे झाड आफ्रिकेतलं, फार पूर्वी समुद्रमार्गे आपल्याकडे आलं आणि गोरखनाथांचं नाव लावून इथलंच होऊन गेलं. बुंधा हा एवढा थोरला, आणि जानेवारीचा महिना असल्यामुळे अंगावर पान नाही. मुलांनी एकमताने निकाल दिला, "हे मेलंय." बाईंनी विचारलं, "मेलंय की झोपलंय, कसं ओळखायचं?" त्यावर चांगली दहा मिनिटं वादावादी झाली. निकाल काही लागला नाही. तोही प्रश्न वहीत गेला.

लेकीच्या गटाला पर्जन्यवृक्ष मिळाला होता. मुंबईच्या कितीतरी रस्त्यांवर सावली धरणारं हे झाड, त्यामुळे गटाचं तोंड जरा वाकडंच झालं होतं ("हे तर आमच्या बसस्टॉपवर पण आहे!"). त्यांनी सुतळीने बुंध्याचा घेर मोजला आणि जिथे दोन टोकं जुळली तिथे गाठ मारली. मग तिथल्या माळीकाकांनी सांगितलं की संध्याकाळ झाली की हे झाड पानं मिटून घेतं. मुलांचा काही विश्वास बसला नाही.

मग प्राणी झाले, पेंग्विनही झाले. पेंग्विन बघायला नेऊ नये असं मी मुळीच म्हणत नाही. तेही या वेळी वेगळेच निघाले. अर्धा तास झाडापाशी बसून मुलांना प्रश्न विचारायची सवय लागली होती, त्यामुळे काचेसमोर उभं राहिल्यावर एकीने विचारलं, "यांना बर्फ कुठे दिलाय?" आता २०१६ साली इथे आणलेले हे पेंग्विन हंबोल्ट जातीचे. ती जात राहते पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावर. तिथे समुद्राचं पाणी थंडगार असतं, पण किनारा बर्फाचा नसतो. म्हणजे पेंग्विन म्हटलं की बर्फ, हे आमच्या डोक्यातलं चित्रही बदलावं लागलं. मुलांचं आणि माझंही.

पण माझा खरा मुद्दा सुरू होतो तो बुधवारपासून.

बुधवारी सकाळी प्रार्थना संपायच्या आत लेकीच्या गटातल्या चौघांनी बाईंना गाठलं. चौघांनीही मंगळवारी संध्याकाळी आपापल्या घराजवळचा पर्जन्यवृक्ष बघून ठेवला होता. पानं मिटली होती! आमच्या घरचं सांगायचं तर लेक साडेसहापासून गॅलरीत उभी होती आणि मला दर पाच मिनिटांनी बोलावत होती. हा गृहपाठ कोणी दिला नव्हता. सहल शुक्रवारी असती तर ही बातमी सांगायला सोमवार उजाडावा लागला असता, आणि या वयात दोन दिवसांत बातमी शिळी होते.

त्याच दिवशी गणिताच्या तासाला ती सुतळी बाहेर आली. फूटपट्टीने मोजली, घेर चार मीटरला थोडा कमी भरला. मग बाईंनी सुतळीच्या तीन सारख्या घड्या करून एक घडी फरशीवर ठेवायला सांगितली. झाड आडवं कापलं तर साधारण एवढं रुंद दिसेल! मुलं त्या फरशीवर ओळीने बसून बघत होती, एका झाडात आपण कितीजण मावतो ते. वर्तुळ, परीघ, व्यास हे शब्द येतील तेव्हा येतील. सुतळी मात्र लक्षात राहील.

गुरुवारी कैलासपतीचा प्रश्न सुटला. तो सोडवला एका रिक्षा चालवणाऱ्या वडिलांनी. मुलाने घरी विचारलं, तर ते म्हणाले, "अरे, गावाला आपला फणस कुठे लागतो? खोडालाच ना? एवढं वजन फांदीच्या टोकाला पेलेल का?" दुसऱ्या दिवशी त्या मुलाने हे वर्गात असं काही सांगितलं की जणू शोध त्यानेच लावला. मी नंतर जरा वाचून पाहिलं. खोडाला फुलं-फळं येणं हा उष्ण प्रदेशातल्या अनेक झाडांचा प्रकार आहे. जड फळं पेलण्याखेरीज आणखीही कारणं दिली जातात, म्हणजे जे कीटक आणि प्राणी झाडाच्या खालच्या भागात वावरतात त्यांना फूल आणि फळ सहज सापडतं वगैरे. पण फणसावरून विचार सुरू करणं हे अगदी योग्यच होतं. आणि ते सांगायला गुगल लागलं नाही, कोकणातलं गाव लागलं.

शुक्रवारी फळ्यावर प्रश्नांची यादी होती. एकूण एकोणीस. राणीबागेतला तो दगडी हत्ती तुटला कसा, हाही त्यात होता. (घारापुरीचा हत्ती तो. १८६४ साली इंग्लंडला न्यायच्या खटपटीत त्याचे तुकडे झाले आणि १९१४ साली ते जोडून त्याला राणीबागेत उभं केलं.) ज्याचं उत्तर मिळालं तो प्रश्न पुसायचा, असं चाललं होतं. शेवटी सहा उरले. बाई सरळ म्हणाल्या, "मलाही येत नाहीत. शोधूया." ते सहा प्रश्न आता एका कागदावर लिहून वर्गाच्या दाराजवळ चिकटवले आहेत.

आता पालकांचे मुद्दे. ते चुकीचे आहेत असं मी म्हणणार नाही, कारण ते मांडणारी माणसं माझ्यासारखीच लोकलमध्ये उभं राहून घरी येणारी आहेत.

पहिला मुद्दा, वर्षभर अभ्यासच असतो, एक दिवस तरी मजा करू द्या. बरोबर आहे. पण मंगळवारी मुलांनी मजा केली नाही, असं कोण म्हणतं? डबे एकमेकांत वाटले, बसमध्ये घसा बसेपर्यंत भेंड्या लावल्या, वाघ दिसल्यावर किंचाळली. मजेचं पाण्याच्या घसरगुंडीवाचून काही अडलं नाही.

दुसरा मुद्दा, राणीबाग तर आम्हीच दाखवतो, त्यासाठी शाळा कशाला? हा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आपण रविवारी नेतो तेव्हा काय होतं? गर्दी, रांग, पेंग्विन, वाघ, फोटो, आइस्क्रीम, घरी. एका झाडापाशी अर्धा तास बसायची हिंमत माझ्यात तरी नाही. ती एकतीस मुलं सांभाळणाऱ्या बाईंमध्ये असते, आणि ती मित्र-मैत्रिणींच्या घोळक्यातच शक्य होते. शिवाय 'आम्हीच दाखवतो' यातले 'आम्ही' म्हणजे वर्गातली सगळी घरं नव्हेत. ज्या घरी रविवारीही ड्यूटी असते, तिथल्या मुलांना शाळाच नेणार.

तिसरा मुद्दा खर्चाचा, पण उलट बाजूने. एक पालक म्हणाले, दोनशे रुपयांची सहल म्हणजे शाळेला कमीपणा. इंग्रजी शाळांची मुलं कुठे कुठे जातात! मराठी शाळेत मुलं टिकवायची तर आपणही काहीतरी मोठं दाखवायला हवं, असं त्यांचं म्हणणं. त्यांची काळजी मला कळते. दरवर्षी पहिलीत किती मुलं येणार, या धास्तीत शाळा असते. पण महागड्या सहलीच्या शर्यतीत आपण कायम मागेच राहणार आहोत. जे आपल्याकडे खरोखर चांगलं आहे, म्हणजे सुतळी घेऊन बसणाऱ्या बाई, ते तरी दाखवूया ना!

आणि ही काही नवी फॅशन नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. पुढे कोसबाडला त्यांनी कुरणशाळा चालवल्या. गुरं चारायला जाणारी आदिवासी मुलं शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून शाळाच कुरणात गेली. पानं, बिया, दगड हेच शिकवायचं साहित्य. आपल्याच भाषेतल्या, आपल्याच राज्यातल्या दोन बायकांनी हे करून ठेवलं आहे. आपण मात्र 'अॅक्टिव्हिटी बेस्ड लर्निंग' असं पत्रकावर छापलं की जास्त फी द्यायला तयार होतो. असो.

आणखी एक सांगते. राणीबाग १८६२ साली सुरू झाली, तेव्हापासून ती आधी झाडांची बाग आहे. आजही तिथे तीन हजारांवर झाडं आहेत. २००७ च्या सुमारास बागेचा कायापालट करायचा मोठा आराखडा पुढे आला, तेव्हा या झाडांचं काय होणार म्हणून मुंबईतल्या काही नागरिकांनी, त्यातही बायकांनी, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. कागद गोळा केले, झाडं मोजली, लोकांना बागेत फिरवलं. त्यांना ते करता आलं, कारण त्यांना झाडं नावानिशी ओळखता येत होती. ज्याचं नाव ठाऊक नाही ते झाड गेलं तर आपल्याला कळतही नाही. आज तिसरीत असलेल्या मुलांपैकी दोघा-चौघांना जरी कैलासपती आणि गोरखचिंच नावाने ओळखता आली, तरी आणखी तीस वर्षांनी कोणीतरी विचारणारं असेल.

तर शनिवारी मी तीन गोष्टी सुचवणार आहे. एक, वर्षातून एकदा मोठी सहल काढण्याऐवजी दोन लहान काढा. एक पावसाळ्यात, एक हिवाळ्यात, आणि दोन्ही त्याच झाडांकडे. दोन, सहल आठवड्याच्या सुरुवातीला ठेवा आणि त्या आठवड्याचं गणित, भाषा, परिसर अभ्यास त्याभोवती बाईंना हवं तसं फिरवू द्या. तीन, वर्गणी अशी ठेवा की कोणाला मामाचं लग्न काढावं लागणार नाही. रिसॉर्टला ज्यांना जायचं आहे त्यांनी सुट्टीत जरूर जावं, मीही येईन. मला पोहता येत नाही, पण नाश्ता आवडतो. :-)

मत हरेल, असं मला आत्ता तरी दिसतं आहे. ग्रुपवर एकोणीस विरुद्ध दोन आहेत. पण वर्गाच्या दाराजवळच्या त्या कागदावर सगळ्यात वर 'गोरखचिंच जिवंत आहे का?' हा प्रश्न आहे, आणि तो वर्गात बसून पुसता येणार नाही. पाऊस पडल्यावर जाऊन बघायला हवं. त्या मुलांना मी माझ्याबरोबर रविवारी नेईनही, पण फार तर पाच-सहाजणांना. उरलेल्या पंचविसांचं काय, हे मी सभेत नक्की विचारणार आहे.

तुमच्यापैकी कोणी शिक्षक असाल, किंवा तुमच्या मुलांच्या शाळेत असं काही होत असेल, तर शनिवारच्या आत कळवा. दादा-वहिनी, तुमच्याकडे नाशिकला सहली कुठे जातात? मला सभेत सांगायला आणखी दोन-चार उदाहरणं हवी आहेत.